जुनं ते बापाचं

मराठी मध्यमवर्गीय घरात आजवर एकही कॉम्प्युटर खेळण्यासाठी विकत घेतला गेलेला नाही. जे घेतले गेले ते सगळे अभ्यासासाठी. ४८६ प्रोसेसरच्या जमान्यापासून ही परंपरा अखंड चालू आहे. त्यावर फ्लॉपीतून 'डेव्ह' आला, 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आला, पुढे सीडीतून 'रोड रॅश' आला. एमएस-सीआयटीच्या क्लासात सर चहाला गेले की वर्ड मिटून सॉलिटेअर उघडलं. कॉम्प्युटर मात्र कागदोपत्री अभ्यासाचाच राहिला. तेव्हा रोड रॅशमध्ये शेजारच्या बाइकवाल्याला साखळीने झोडपणारी पिढी आता पालक झाली आहे, आणि पोरानं 'माइनक्राफ्ट'साठी कॉम्प्युटर मागितला की "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" असं गंभीर चेहऱ्याने सांगते. म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की आधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून कबूल करावं, की हा खेळायला घ्यायचा आहे. त्यावर प्रोजेक्टही होतील, प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचमध्ये मांजरही पळेल, बालभारतीचं पुस्तकही अधूनमधून उघडेल. पण घ्यायचा खेळायला. ही कबुली पैशाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. 'अभ्यासासाठी' म्हणून घेतलेल्या यंत्रात अभ्यासाला न लागणारं सगळं असतं आणि खेळाला लागणारं नेमकं नसतं. मग सहा महिन्यांनी तिसऱ्या कॉम्प्युटरची चर्चा सुरू होते.

बहुतेक घरांत पहिला कॉम्प्युटर म्हणजे लॅपटॉप. २०२० मध्ये शाळा एकाएकी मोबाइलच्या पडद्यावर भरायला लागली तेव्हा जो हाती लागला तो घेतलेला. आज त्याच्यावर आईची मीटिंग, बाबांची शीट, थोरलीचा प्रोजेक्ट आणि धाकट्याचा 'रोब्लॉक्स' असे चार दावेदार आहेत. दुसरा हवा, यावर घरात एकमत व्हायला वेळ लागत नाही. गाडी अडते ती कोणता आणि कुणाला यावर. आपल्याकडची रीत अशी, की नवी वस्तू मिळवत्याला आणि जुनी मुलांना. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, तसा बाबांचा लॅपटॉप पोरांना. शर्टाच्या बाबतीत ही रीत शहाणपणाची आहे, कारण धाकटा थोरल्याहून अंगाने लहान असतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत धाकट्याचं माप बापाच्या कितीतरी पट मोठं भरतं, आणि आपण अजून शर्टाच्याच हिशेबाने चाललो आहोत. माझं म्हणणं असं, की ही रीत उलटी करावी. जुना लॅपटॉप आईबाबांनी मुकाट्याने ठेवून घ्यावा आणि बाजूला काढलेले पैसे पोरांच्या यंत्रावर घालावेत. तेही यंत्र कोरं करकरीत घेण्याची गरज नाही, पण त्याकडे मग येतो.

आधी मोठ्या माणसांच्या कामाचं बघू. 'घरून काम' हे शब्द उच्चारताना आपला आवाज थोडा जड होतो, जणू आपण घरबसल्या हवामानाचे अंदाज मांडतो आहोत. प्रत्यक्षात त्या कामात काय असतं? मेल, ब्राउझरचे पंधरा टॅब, व्हॉट्सॲप वेब, दोन पीडीएफ, एखादी झूम मीटिंग आणि एक एक्सेल. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब त्यातल्या साठेक ओळींत आटोपतो आणि खर्चाचं बजेट तिसाव्या ओळीपाशी कोलमडतं. उरलेल्या दहा लाख ओळी कोऱ्या राहतात आणि त्या कोऱ्या ठेवण्यासाठी कुणालाही नवा प्रोसेसर लागत नाही. सरकारी पोर्टल शेवटच्या तारखेला गोल गोल फिरत राहतं तेव्हा आपण आपल्या लॅपटॉपला शिव्या देतो. पण ते फिरणं त्या टोकाला चाललेलं असतं, लाखाचा लॅपटॉप आणला तरी ते तितकंच फिरेल. विंडोज ११ ची मायक्रोसॉफ्टने ठरवलेली किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागेची आहे. वास्तवात ८ जीबी असावी, जमल्यास १६. बस्स. व्हिडिओ एडिटिंग करणारे, ऑटोकॅडमध्ये इमारती उभ्या करणारे, मोठमोठे प्रोग्राम जुळवणारे लोक या हिशेबाबाहेर आहेत. त्यांनी खुशाल भारी यंत्र घ्यावं. पण घरोघरी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून "हो, दिसतेय स्क्रीन" एवढंच म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे.

"पण तो लॅपटॉप इतका स्लो झालाय!" ही तक्रार खरी असते, फक्त आळ चुकीच्या माणसावर येतो. २०२० च्या सुमारास आलेल्या पुष्कळ स्वस्त लॅपटॉपमध्ये एक टीबीची हार्ड डिस्क असायची आणि दुकानदार ती छाती फुगवून दाखवायचा. ही डिस्क खरोखरच आत गरगर फिरत असते, मिनिटाला ५४०० फेरे, आणि हवी ती फाइल गाठायला तिची सुई इकडून तिकडे धावते. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली मागतं आणि ती बिचारी एकेक आणून देते. तिच्या जागी एसएसडी बसवली, की फिरणारा भागच उरत नाही आणि चहा होईपर्यंत सुरू होणारा लॅपटॉप चहा ठेवायच्या आत सुरू होतो. हे काम कोपऱ्यावरचा रिपेअरवाला तासाभरात करतो आणि नव्या लॅपटॉपच्या तुलनेत खर्च किरकोळ असतो. लॅपटॉप विंडोज ११ घेण्याइतका नवा नसेल तरी घाबरायचं कारण नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला खरा, पण पर्याय आहे. अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकावं. ब्राउझर तोच, मेल तीच, लिबरऑफिसमध्ये शीट उघडते. शिवाय त्यात एक सोय अशी आहे की जी कंपनीची पत्रकंसुद्धा सांगत नाहीत. 'व्हॅलोरंट' आणि 'फोर्टनाइट' हे खेळ त्यांच्या चोरपकड (अँटी-चीट) प्रोग्राममुळे लिनक्सवर चालतच नाहीत. म्हणजे हा लॅपटॉप पोरांनी पळवण्याची भीती संपली. घरात कुणीही मागायला येणार नाही अशी वस्तू आपल्या नावावर असणं यापेक्षा मोठं सुख गृहस्थाश्रमात दुसरं नाही.

आता पोरांच्या बाजूला या. एक्सेलमधला आकडा एकदा लिहिला की तिथे निवांत बसून राहतो. गेममध्ये काहीच बसून राहत नाही. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळ सुरळीत दिसायचा तर हे सगळं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावं लागतं. गुणाकार केला तर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके झाले. शिवाय प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा, भिंतीमागे कोण दडलंय, सावली कुठे पडते, गोळी कुणाला लागली हा हिशेब दर चित्रामागे साधारण १७ मिलिसेकंदांत पुरा व्हायला हवा. चुकला, तर पोरगं "लॅग होतंय!" म्हणून ओरडतं, आणि आपल्याला वाटतं ते आळशी आहे. बाबांच्या शीटमधली बेरीज या कामापुढे किती किरकोळ ते सांगायला नको. घरातलं सर्वात अवजड गणित सातवीतला मुलगा करवून घेतो आणि घरातलं सर्वात दणकट यंत्र मात्र पगाराच्या स्लिपा उघडतं, ही वाटणी कोणत्या न्यायाने योग्य म्हणायची?

लगेच कुणीतरी म्हणेल, की मग लाखाचा गेमिंग पीसी आणू का? तर नाही. पोरांची गरज आपल्यापेक्षा मोठी आहे, पण यूट्यूबवरचे रंगीत दिव्यांचे कॅबिनेटवाले सांगतात तिच्या जवळपासही ती नाही. मुलं खरोखर कोणते खेळ खेळतात त्यांच्या अटी वाचाव्यात. 'व्हॅलोरंट' २०२० मध्ये आला आणि त्याने ग्राफिक्सची किमान अट ठेवली इंटेल एचडी ४००० ची, म्हणजे २०१२ सालच्या, प्रोसेसरच्या पोटातच येणाऱ्या ग्राफिक्सची. 'फोर्टनाइट'चीही तीच. 'जीटीए ५' पीसीवर २०१५ मध्ये आला आणि किमान अटीत त्याने २००७ सालच्या क्यू ६६०० प्रोसेसरला चालवून घेतलं. 'रोब्लॉक्स' तर साध्या मोबाइलवर चालतो आणि 'माइनक्राफ्ट'चं सगळं जग मुद्दामच चौकोनी ठोकळ्यांचं आहे. त्याच ठोकळ्यांसाठी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजले. किमान अट म्हणजे खेळ रखडत चालतो हे मान्य. पण त्या अटीच्या चारपाच पायऱ्या वर चढलं तरी आपण लाखापासून फार खालीच असतो. खेळ विकणाऱ्या कंपनीचं हित जास्तीत जास्त घरांत खेळ चालण्यात असतं, कार्ड विकणाऱ्याचं हित तो चालत नाही असं वाटण्यात असतं. या दोघांत मी पहिल्याचं ऐकतो.

तेव्हा घ्यायचं काय? ऑफिसातून निवृत्त झालेला डेस्कटॉप. हिंजवडी, ऐरोली, बीकेसी इथल्या कंपन्या आणि बँका दर काही वर्षांनी शेकड्यांनी कॉम्प्युटर बदलतात. ते मोडलेले नसतात. भाडेकरार संपलेला असतो किंवा वॉरंटी संपलेली असते. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर असे काळे, अबोल, कसलाही दिवा न लुकलुकणारे डबे. त्यांनी उभ्या आयुष्यात एसीत बसून मेल पाहिली आहे. पुसूनपासून, रॅम-डिस्क तपासून ते रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड आहे, ज्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी त्या नावाने पत्ता विचारला तर तिथला दुकानदारही क्षणभर थबकेल. इतर शहरांतही अशी दुकानं आता गल्लोगल्ली आहेत. बऱ्याच यंत्रांत विंडोज प्रोचं मूळ लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलंच येतं, त्यामुळे दुकानदाराने "विंडोज मारून देतो" म्हणून कुठल्या तरी पेनड्राइव्हवरून चोरीचं मारण्याची गरज उरत नाही.

इथे एकच आकडा पाठ करावा: आठ. इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढची. दुकानात "आय-फाइव्ह आहे, बिनधास्त न्या" असं ऐकू येईल. आय-फाइव्ह २००९ पासून विकला जातोय. नुसतं आय-फाइव्ह म्हणणं म्हणजे वधूवर सूचक मंडळात वय न सांगता नुसतं 'शिकलेला' लिहिणं. त्यापुढचा आकडा विचारावा. आय-फाइव्ह २४०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. ४५७० म्हणजे चौथी. ८४०० किंवा ८५०० म्हणजे आठवी. आठवीलाच का अडून बसायचं, तर दोन कारणं. सातव्या पिढीपर्यंत डेस्कटॉपच्या आय-फाइव्हमध्ये फार तर चार कोअर होते, आठवीत सहा झाले. आणि विंडोज ११ मोजके अपवाद सोडले तर आठवीपासूनच्याच इंटेल प्रोसेसरना अधिकृतपणे आत घेतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागतं. 'व्हॅलोरंट'ही विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय दार उघडत नाही. विंडोज १० गेल्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं आता ढिगांनी आणि मोहात पाडणाऱ्या भावांत येत आहेत. ती आईबाबांच्या लिनक्ससाठी उत्तम, पोरांसाठी नाही. आठव्या पिढीचा १६ जीबीचा डबा साधारण पंधरा ते वीस हजारांच्या घरात मिळावा. हल्ली भाव हलते आहेत, कारण २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती भडकल्या. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर 'क्रुशल' या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. कोरा कॉम्प्युटर जुळवून घेणाऱ्याला हा फटका पुरता बसतो. जुन्या डब्यात रॅम आधीपासून बसलेली असते, एवढाच त्याचा आता मोठेपणा.

ग्राफिक्स कार्डाबद्दल मात्र सावध राहावं, कारण निम्मी फसवणूक तिथे होते. "चार जीबीचं कार्ड टाकून देतो" हे वाक्य ऐकलं की कार्डाचं नाव विचारावं. जीटी ७१० किंवा ७३० असं उत्तर आलं तर हसून नकार द्यावा. ही कार्डं पडद्यावर चित्र दाखवण्याच्या लायकीची आहेत; चार जीबी हा त्यांच्या साठ्याचा आकडा आहे, ताकदीचा नव्हे. जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचं कार्ड या कामाला योग्य. ते ७५ वॅटमध्ये भागवतं आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलांना मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज पुरते, वेगळी वायर लागत नाही. ऑफिसच्या डब्यात कंपनीने बसवलेला एसएमपीएस लहान आणि खास आकाराचा असतो, तो बदलणं जिकिरीचं, म्हणून ही बाब कळीची. डबा उभा टॉवर असेल तर वेगळी वायर न लागणारं कोणतंही १६५० बसेल. बारीक, आडवा असेल तर 'लो प्रोफाइल' कार्डच लागेल. आणि हातावर मावणारा चिमुकला असेल तर कोणतंच बसणार नाही, तो कितीही गोंडस दिसला तरी. कार्ड पुढच्या दिवाळीवर ढकलायचं असेल तर निदान रॅम एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी. पोटातले ग्राफिक्स रॅमच उसनी वापरतात आणि दोन पट्ट्यांमुळे त्यांना दुहेरी रस्ता मिळतो. 'माइनक्राफ्ट' आणि 'रोब्लॉक्स' तेवढ्यावर खुशीत चालतात.

आता आक्षेप. पहिला, आणि सर्वांत लोकप्रिय: एक गेमिंग लॅपटॉप घेतला तर काम आणि खेळ दोन्ही होईल. होईल ना, पण मग दुसरा कॉम्प्युटर घेण्याचं कारणच काय होतं? भांडण एका कीबोर्डावर चार हातांचं होतं, आणि आपण त्याच चार हातांना महागडा कीबोर्ड आणून दिला. शिवाय लॅपटॉपच्या कार्डाचं नाव फसवं असतं. लॅपटॉपमधला आरटीएक्स ३०५० हा ३५ वॅटचाही असतो आणि ८० वॅटचाही. डब्यावर नाव तेच. पातळ देहात उष्णता कोंडली की तो स्वतःच वेग कमी करतो आणि पंखा असा घरघरतो की शेजारच्या खोलीतली मीटिंग "कुणीतरी म्यूट करा" म्हणते. चहा सांडला तर डेस्कटॉपचा साधा कीबोर्ड काही शे रुपयांत येतो. लॅपटॉपवर सांडला तर चहा फार महागात पडतो.

दुसरा आक्षेप जुन्या वस्तूबद्दलचा. "दुसऱ्याने वापरलेलं कशाला?" असं म्हणणारी माणसं तीन मालकांची मोटार नारळ फोडून घरी आणतात, म्हणून मी या आक्षेपाला भावनिक मानतो. वॉरंटीचा मुद्दा मात्र खरा आहे. नव्याला वर्षाची किंवा तीन वर्षांची मिळते, इथे तीन-सहा महिने, क्वचित वर्ष. यावर उत्तर असं, की डेस्कटॉपमध्ये बिघडणाऱ्या वस्तू मोजक्या आणि सुट्या असतात: डिस्क, रॅम, एसएमपीएस. ऑप्टिप्लेक्ससारख्या डब्यांचे सुटे भाग बाजारात मुबलक आहेत, कारण ते लाखोंनी बनले. शिवाय रिफर्बिश करणारे आता कायद्याच्या चौकटीत आले आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत त्यांनाही नोंदणी करावी लागते. म्हणून दुकानाकडून पक्कं बिल घ्यावं, ओळखीतल्या कुणाच्या ओळखीतून येणारा 'एकदम टकाटक पीस' टाळावा.

तिसरा आक्षेप भविष्याचा. "उद्या नवे खेळ आले तर?" येतीलच. 'जीटीए ६' ची तारीख जाहीर झाली ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. त्या घोषणेत पीसीचं नावच नव्हतं. त्याच्यासाठी आज पीसी घेणं म्हणजे मुलगा पाळण्यात असताना त्याच्या लग्नाचा हॉल बुक करणं. आणि 'जीटीए ५' तर अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, हे त्याच्या डबीवर लिहिलेलं असतं. सहावीतल्या मुलाच्या गरजा ठरवताना तो धरायचाच कशाला? मग प्लेस्टेशनच का नको, असं कुणी विचारेल. खेळासाठी ते उत्तम यंत्र आहे. पण त्यावर विज्ञानाचा प्रोजेक्ट टाइप होत नाही, आणि मुख्य म्हणजे आजीला ते अभ्यासाचं आहे असं कोणत्याही तोंडाने सांगता येत नाही.

विजेच्या बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी एक छोटा हिशेब. वर सांगितलेला डबा, कार्ड आणि मॉनिटर मिळून खेळताना दीडशे वॅटच्या आसपास खातील. रोज दोन तास धरले तर महिन्याला नऊ युनिट. चारशे वॅट खाणारा मोठा गेमिंग टॉवर त्याच वेळात चोवीस युनिट खाईल. महावितरणच्या बिलात शंभर युनिटनंतर पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी एक लहान यूपीएस मात्र घ्यावाच. डेस्कटॉपला बॅटरी नसते आणि लाइट जाताना कुणाला विचारून जात नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप शेवटी घेतो. "आपणच खेळायचं यंत्र आणून दिलं तर मुलं व्यसनी होतील." ही भीती थट्टेची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत जागा दिली आहे आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण या आजाराची लक्षणं वाचली तर तिथे तासांचा आकडा सापडत नाही. खेळावर ताबा न राहणं, इतर सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, असं त्याचं स्वरूप आहे. हे यंत्राच्या किमतीवर अवलंबून नाही. मुळात ज्या घरात कॉम्प्युटर नाही तिथली मुलं खेळत नाहीत असं कुठे आहे? ती मोबाइलवर खेळतात. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली, पुढच्या वर्षी तो 'बीजीएमआय' या नावाने परत आला, आणि दोन्ही वेळा तो पांघरुणाखाली, रात्री, सहा इंची पडद्यावर खेळला गेला. डेस्कटॉप पांघरुणात नेता येत नाही. त्याला भिंतीतला प्लग लागतो, टेबल लागतं, खुर्ची लागते. तो हॉलमध्ये ठेवला की पडदा सगळ्यांना दिसतो, मुलगा कुणाशी बोलतोय ते ऐकू येतं, आणि जेवायला हाक मारल्यावर "ही शेवटची मॅच" म्हणणाऱ्याच्या मागे आई प्रत्यक्ष येऊन उभी राहू शकते. मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीत वेळेची मर्यादा घालता येते, पण चौथीतली मुलंही पासवर्ड ओळखतात. मागे उभ्या राहिलेल्या आईचा पासवर्ड अजून कुणाला सापडलेला नाही. जड आणि जागचं न हलणारं यंत्र ही पालकांची सोय आहे. मी तर म्हणेन, डेस्कटॉप निवडण्याचं हेच सर्वांत सबळ कारण, बाकीचे सगळे हिशेब त्यानंतर.

यंत्रं वेगळी असण्याचा एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. मुलं मॉड उतरवतात, फुकट स्किन देणाऱ्या साइटवर जातात, "दहा हजार रोबक्स मोफत" अशा बटणांवर मनापासून विश्वास ठेवतात. त्याच यंत्रावर आपण नेटबँकिंग करतो आणि आयकराचं विवरण भरतो. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर त्याहून वाईट. त्यावर 'रोब्लॉक्स' टाकल्याचं आयटी विभागाला कळतं आणि खुलासा मात्र आपल्याला करावा लागतो. पैशाचं यंत्र एक आणि पोरांचं दुसरं असलं, की पोरांच्या यंत्रात काही शिरलं तरी फॉरमॅट मारून मोकळं होता येतं. त्यात त्यांच्या 'माइनक्राफ्ट'च्या जगाशिवाय गमावण्यासारखं काही नसतं. त्या जगाची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवून द्यावी. ते बुडालं तर घरात जे होईल त्यापेक्षा नेटबँकिंग बुडालेलं परवडलं.

राहता राहिला मानापमानाचा प्रश्न. कमावणार आम्ही आणि जुनाट लॅपटॉपवर बसणारही आम्हीच? होय. तुमच्या शीटला त्याहून जास्त लागत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. फार वाटलं तर बचतीतून स्वतःसाठी एक चांगली खुर्ची घ्या. आठ तास बसणाऱ्या माणसाला प्रोसेसरपेक्षा पाठ आधी दगा देते. आणि दुकानात जाल तेव्हा मुलांना सोबत न्या, त्यांना आवडणारा खेळ तिथेच लावून बघा, कॅबिनेट उघडायला लावून कार्डाला जागा आहे का ते डोळ्यांनी पाहा, आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण आकडा, सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार "कशासाठी पाहिजे?" असं विचारेल. मुलांच्या देखत त्याला खरं कारण सांगा.